गाडी किती देते

काचेवरच्या कागदावर छत्तीस होतं, कोल्बी,
तूच बोट ठेवून दाखवलं होतंस.
मला सव्वीस मिळतात. वारा पाठीमागून असला
आणि महामार्गावर मी म्हाताऱ्या बाईसारखी चालवली
(जी मी आहेच) तर अठ्ठावीस.

भांडायला नाही आले. बस.
तेल बदलून व्हायला अजून अर्धा तास आहे म्हणतात.

तू काय सांगणार ते पाठ आहे मला.
शून्याखाली अकरा अंशांत बॅटरीसुद्धा आखडते,
इंजिन तापेतो किराण्याचं दुकान येतं,
बर्फाचे टायर जड, हिवाळ्यातलं पेट्रोल हलकं,
आणि टपावर ती स्कीची पेटी, वारा अडवत बसलेली.
काढायला दोन माणसं लागतात.
छत्तीस मिळतात ते एका बंद खोलीत,
चाकं जिथल्या तिथे फिरतात,
ना चढ, ना वारा, ना कुणाला कुठे पोचायचंय.

माझा दीर ओन्नी म्हणतो, त्याची आठ सिलिंडरवाली
एकोणीस देते, चामड्याच्या सीटांसकट.
ओन्नीने पकडलेला मासाही
घरी पोचेपर्यंत हातभर वाढतो.

खरा आकडा बघायचाय? ही वही बघ.
रेनोची. जुन्या गाडीच्या कप्प्यातली.
प्रत्येक वेळी टाकी भरली की तारीख, मैल, गॅलन,
आणि पेन्सिलीने केलेला भागाकार, पंपावरच, हातमोजे काढून.
शेवटच्या रकान्यात शेरा: "समोरून वारा".
"ओन्नी सोबत, सामान फार".
"टायरात हवा कमी, माझी चूक".
आयुष्यात एकदाच घेतली त्याने महागाची गाडी, नुसती पेट्रोलची,
आणि मग अकरा वर्षं तिचा हिशेब तपासत राहिला,
घरात सून नवी आली की सासू तपासते तसा.
वीस. एकवीस. एकदा चोवीस, त्याला दोन अधोरेखा.

आता हे पान बघ. जानेवारी ते एप्रिल.
तेरा. बारा पूर्णांक चार. अकरा पूर्णांक नऊ.
शेऱ्याचा रकाना कोरा.

त्या हिवाळ्यात दर गुरुवारी
टू हार्बर्सहून डुलूथला जायचो आम्ही, सत्तावीस मैल.
मला चार तास सुई लावून बसवायचे.
मी खाली कॉफी पितो, म्हणायचा तो.
मी बाहेर यायचे तेव्हा
माझी सीट पाठीपासून मांड्यांपर्यंत ऊबदार,
काचांवर बर्फाचा कण नाही.
मला वाटायचं, महागड्या गाड्यांचं हेच तर सुख.
गाडी फार पिते आहे, दाखवून घे,
असं मीच त्याला दोनदा सुनावलं.
"थंडी आहे," एवढंच बोलला.

ही वही मला तो गेल्यावर सापडली.
तोपर्यंत जुनी गाडी विकून झाली होती,
तुझ्याच या दालनात, त्या खिडकीपाशी.

हल्ली मंगळवारी शेजारच्या वर्नाला नेते मी,
तेच इस्पितळ, तोच तळावरचा कोपरा, समोर सरोवर गोठलेलं.
तुमची ही गाडी उभी राहिली की गप्प होते.
इतकी गप्प, की माझं घड्याळ ऐकू येतं.
मग दहा मिनिटांनी, मी काहीच न करता,
इंजिन आपणहून गुरगुरतं, आतली ऊब सावरतं, पुन्हा थांबतं,
झोपेत कूस बदलताना कुणी
"आहेस ना?" विचारावं तसं.

पहिल्यांदा मी "हो" म्हटलं. मोठ्याने.

तर सव्वीस.
रेनोने मारलेल्या रेघेच्या खाली मी लिहिते आता,
भागाकार फोनवर करते, शेरा मात्र पेन्सिलीने:
"वर्ना. तीन तास दहा मिनिटं. सीट चालू."
तुझ्या कंपनीने विचारलं तर हाच आकडा कळव,
तक्रार म्हणून नको.

आणि हो, मागचा वायपर घासतोय.
तोही बघायला सांग त्यांना.